कानाचे दुखणे आणि औषधांची पुण्याई

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द सांगावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह यांसारखा एखादा भारदस्त विषय त्यांच्या मनात असावा. आम्ही ‘कान’ हा विषय कळविताच त्यांच्या मुद्रेवर किंचित निराशा उमटली, हे आमच्या नजरेतून सुटले नाही. त्यांचा दोष नाही. कान म्हणजे कीर्तन ऐकण्याचे, कुडी-बुगडी घालण्याचे, आणि आमच्या लहानपणी गुरुजींनी पिळण्याचे इंद्रिय, एवढीच आपल्यापैकी बहुतेकांची त्याच्याशी ओळख असते. तो ठणकू लागला म्हणजेच त्याची आठवण होते, आणि ठणका थांबला की त्याचा विसर पडतो.

तथापि या एवढ्याशा अवयवाच्या दुखण्यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रत्येक कुटुंबाच्या दारापर्यंत येऊन ठेपला आहे. ज्या औषधांच्या जोरावर आपण गेली पाऊणशे वर्षे निर्धास्त राहिलो, ती औषधे जंतूंपुढे निष्प्रभ होऊ लागली आहेत. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला आहे. एवढा मोठा आकडा ऐकून मन बधिर होते आणि ‘यात आपण काय करणार?’ असे वाटू लागते. म्हणून आम्ही तो प्रश्न कानाच्या नळीएवढा लहान करून आपल्यापुढे ठेवणार आहोत.

कानाची रचना

वैद्यकशास्त्राने कानाचे तीन भाग मानले आहेत. बाहेरून दिसणारा कान आणि तेथून पडद्यापर्यंत जाणारी नळी हा बाह्यकर्ण. पडद्यामागची, तीन चिमुकल्या हाडांची पोकळी हा मध्यकर्ण. आणि त्याच्याही आतला शंखाकृती भाग हा अंतःकर्ण. आज आपणांस फक्त पहिल्या भागातील नळीचा विचार करावयाचा आहे. मोठ्या माणसात ही नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एकतृतीयांश भाग लवचीक कूर्चेचा, तर आतला दोनतृतीयांश भाग हाडाचा असतो. हाडावरची त्वचा अतिशय पातळ असून तिच्याखाली चरबीचा मऊ थर जवळजवळ नसतोच. या जागी किंचित सूज आली तरी माणूस रात्रभर तळमळतो, त्याचे कारण हेच.

या नळीच्या रक्षणासाठी निसर्गाने दोन योजना केल्या आहेत. पहिली योजना म्हणजे ज्याला आपण ‘कानातला मळ’ म्हणतो तो पदार्थ. त्याला मळ म्हणणे हा त्याच्यावर अन्यायच होय. तो किंचित आम्लधर्मी व स्निग्ध असतो. पाणी अंगाला लागू देत नाही, आणि जंतूंच्या वाढीस अडथळा करणारी द्रव्ये त्यात असतात. दुसरी योजना अधिक विस्मयकारक आहे. पडद्यावरची आणि नळीतली त्वचा एका जागी स्थिर नसते. साधारणतः नख ज्या मंदगतीने वाढते, त्या गतीने ती आतून बाहेर सरकत असते आणि आपल्याबरोबर मळ व धूळ यांना दाराशी आणून सोडते. थोडक्यात, निरोगी कानाची झाडलोट आपोआप होत असते. त्यासाठी काडीची गरज नाही, हे आम्ही शब्दशः सांगत आहोत.

परंतु आपणांस ही व्यवस्था मानवत नाही. काडेपेटीची काडी, केसांतला आकडा, किल्लीचे टोक, चांदीचे कानकोरणे आणि आताशा दुकानात मिळणाऱ्या कापसाच्या काड्या, यांपैकी जे हाती लागेल ते आपण कानात घालतो. त्यायोगे थोडा मळ बाहेर येतो, बराचसा आत ढकलला जातो, आणि त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात. त्यातच पावसाळ्याची दमट हवा, विहिरीतले वा तलावातले पोहणे, न्हाल्यानंतर कानात राहिलेले पाणी, तासन्‌तास कानात बसविलेली श्रवणयंत्रे किंवा गाणी ऐकण्याची बोंडे यांची भर पडली की नळीतील त्वचा भिजून फुगते, तिची आम्लता घटते आणि जंतूंना दार उघडे सापडते. या दाहाला बाह्यकर्णशोथ असे म्हणतात.

याची ओळख सोपी आहे. प्रथम कानात खाज सुटते, मग दडे बसल्यासारखे होते, आणि पाठोपाठ ठणका लागतो. कान ओढला किंवा कानाच्या तोंडापुढील लहानसा उंचवटा दाबला की कळ मस्तकात जाते. लहान मुलांचा सर्दीनंतर ‘कान फुटतो’ तो आजार पडद्यामागचा, म्हणजे मध्यकर्णाचा. त्यात कान ओढल्याने सहसा असे दुखत नाही. हे दोन आजार निराळे, त्यांचे उपचारही निराळे. शेजारच्या मुलाला लागू पडलेले औषध आपल्या कानात घालू नये, याचे पहिले कारण येथेच आहे.

जंतूंचा परिचय

बाह्यकर्णशोथ घडवून आणणारे मुख्य जंतू दोन. त्यांतील पहिला स्यूडोमोनस एरुजिनोसा. रुग्णांच्या जखमांवरील पट्ट्या कधी कधी निळ्या-हिरव्या का होतात, याचा शोध घेत असता फ्रान्समधील कार्ल गेसार यांनी १८८२ मध्ये हा जंतू वेगळा करून दाखविला. तो रंग जंतूच स्वतः तयार करतो. याचे खरे घर पाणी. मोरी, गटार, ओला स्पंज, नीट न राखलेला पोहण्याचा तलाव, जेथे ओल तेथे हा असावयाचाच. भिजलेला कान ही त्याला आणखी एक ओली जागा, एवढेच.

दुसरा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. स्कॉटलंडमधील शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांना तो पुवामध्ये द्राक्षांच्या घोसासारखा दिसला, म्हणून १८८२ मध्ये ग्रीक भाषेतील द्राक्षघोसवाचक शब्दावरून त्याचे नामकरण झाले. सुमारे एकतृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात हा निरुपद्रवीपणे वास्तव्य करून असतो. नाकात घातलेले बोट कानात घातले की त्याचे स्थलांतर पूर्ण होते.

या दोघांखेरीज बुरशीचाही एक वर्ग आहे. उष्ण व दमट हवेत, म्हणजे आपल्या कोकणपट्टीसारख्या प्रदेशात, तिचे प्रमाण अधिक आढळते. ओल्या कागदाच्या लगद्यावर काळे ठिपके पडावेत तसे दृश्य कानात दिसते आणि खाज असह्य होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जंतू मारणारी औषधे बुरशीला मारीत नाहीत. उलट, जंतूंचे थेंब आठवडेच्या आठवडे घालीत राहिल्यास बुरशीला मोकळे रान मिळते. ‘औषध घालूनही खाज वाढतच गेली’ अशी तक्रार आम्ही किती वेळा ऐकली असेल, याची गणती नाही.

औषधांचा उदय आणि जंतूंचे उत्तर

१९२८ मध्ये लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन गवसले, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. पेनिसिलिन सर्वसामान्य रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वीच, १९४० मध्ये, त्याचा नाश करणारे द्रव्य जंतूंपाशी असल्याचे एडवर्ड अब्राहम व अर्न्स्ट चेन यांनी प्रसिद्ध केले होते. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात खुद्द फ्लेमिंग यांनी इशारा दिला, की हे औषध अपुऱ्या मात्रेत घेणारा मनुष्य जंतूंना मारण्याऐवजी त्यांना प्रतिकाराचे शिक्षणच देईल. पुढे स्टॅफिलोकॉकसवर मेथिसिलिन हे नवे औषध १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्ये त्याला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस इंग्लंडमध्ये आढळलासुद्धा. मध्ये अवघी दोन वर्षे गेली!

आपल्या महाराष्ट्राचाही या इतिहासात मानाचा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. परदेशातून येणारे महागडे औषध आपल्या भूमीत तयार होऊ लागले, ही त्या पिढीच्या दृष्टीने केवढी अभिमानाची गोष्ट होती! पुढे १९६०च्या दशकात याच कारखान्यातील डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी पिंपरीच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधून काढले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरी गावाचे नाव गुंफलेले आहे. त्या पिढीने कष्टाने जोडलेली ही पुण्याई. आज आपण ती कशी खर्च करीत आहोत, हाच खरा प्रश्न आहे.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. ‘आमच्या अंगाला त्या गोळीची सवय झाली, आता ती लागू पडत नाही,’ असे उद्गार आपण घरोघरी ऐकतो. वस्तुतः आपल्या अंगाला सवय होत नाही. औषधाला सरावतात ते जंतू. कोट्यवधी जंतूंच्या गर्दीत दोन-चार असे असतात, की ज्यांच्यात योगायोगाने काही फरक पडलेला असतो. औषध आले म्हणजे इतर मरतात. हे दोन-चार उरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. तणनाशक फवारूनही जे तण तगते, त्याचेच बी पुढल्या हंगामात शेतभर पसरते, तसा हा प्रकार. विशेष हे, की असे जंतू एका माणसापुरते राहत नाहीत. ते हाताने, पंचाने, पाण्याने घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जातात. ज्याने आयुष्यात ती गोळी कधी घेतली नाही, त्यालाही मग ती लागू पडत नाही.

स्यूडोमोनस हा तर या विद्येत मुळातच निपुण. त्याच्या अंगावरचे बाह्य आवरण असे, की पुष्कळ औषधे आत शिरूच शकत नाहीत. जी शिरतात त्यांतील बरीचशी तो आपल्या सूक्ष्म पंपांनी बाहेर उपसून टाकतो. औषधाचा घाव ज्या ठिकाणी बसावयाचा, त्या ठिकाणाची घडणही तो पालटू शकतो. शिवाय हे जंतू एकत्र जमून स्वतःभोवती बुळबुळीत थर निर्माण करतात आणि त्या थराआड दडून राहतात. साधे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन यांचा त्याच्यावर मुळीच परिणाम होत नाही. पूर्वीही होत नव्हता. तरीसुद्धा कान ठणकला की घरातील डब्यात उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी काढून घेणारे महाभाग आपल्यात आहेत. त्या गोळीने कानातला शत्रू जागचा हलत नाही. आतड्यातील निरपराध जंतू मात्र मरतात, आणि तेथील प्रतिकारक्षम जंतूंची पेरणी होते.

थेंब की गोळी?

आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. साध्या बाह्यकर्णशोथावर पोटात घेण्याच्या प्रतिजैविक गोळ्यांची गरज बहुधा नसते. हे आमचे पदरचे मत नव्हे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २००६ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये हेच मार्गदर्शन केले आहे. दाह नळीच्या बाहेर पसरलेला नसेल आणि रुग्णाला मधुमेहासारखी जोखीम नसेल, तर प्रारंभी गोळ्या देऊ नयेत, थेंबांनीच उपचार करावा.

याचे कारण साध्या हिशेबाने समजेल. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या औषधाची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली असता रक्तात त्याचे प्रमाण एका मिलिलिटरला जास्तीत जास्त दोन-तीन मायक्रोग्रॅम इतके होते. त्याच औषधाच्या ०.३ टक्के थेंबांत ते एका मिलिलिटरला ३,००० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे थेंबाने कानात जे पोहोचते ते गोळीच्या मानाने सुमारे हजारपट तीव्र. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘या औषधास जंतू दाद देत नाही’ असा शेरा असतो, तो बहुधा रक्तातील प्रमाण गृहीत धरून दिलेला असतो. त्यामुळे तो शेरा असतानाही थेंबांनी कान बरा झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अर्थात थेंबांनीही प्रतिकार निर्माण होतच नाही असे नाही. परंतु ते औषध जेथे हवे तेथेच राहते, सर्व शरीरभर हिंडून निष्कारण प्रतिकाराचे बी पेरीत नाही.

मात्र थेंब जागेवर पोहोचले पाहिजेत. पू आणि सालपटे यांनी भरलेल्या नळीत थेंब घालणे म्हणजे तुंबलेल्या मोरीत पाणी ओतणे होय. म्हणून प्रथम वैद्यांकडून कान स्वच्छ करून घ्यावा. नळी सुजून बंद झाली असेल तर ते एक बारीक वात आत बसवितात व तिच्या द्वारे औषध झिरपवितात. थेंब घालताना बाटली क्षणभर मुठीत धरून कोमट करावी, नाहीतर घेरी येते. कुशीवर निजून थेंब घालावेत, कानापुढील उंचवटा हळूच दाबावा, आणि तीन ते पाच मिनिटे तसेच पडून राहावे. सात ते दहा दिवस, किंवा वैद्य सांगतील तितके दिवस, कान कोरडा राखावा. ठणक्यासाठी साधी वेदनाशामक गोळी पुरते. पडद्याला छिद्र असल्यास काही जातींचे थेंब श्रवणशक्तीला बाधक ठरतात. यास्तव कान दाखविल्यावाचून कोणतेही थेंब घालू नयेत.

एक हकीकत

आता एक हकीकत निवेदन करतो. ती आमच्या निकटच्या आप्तांची आहे. त्यांची अनुमती आम्ही घेतली आहे. अनुमती देताना ते म्हणाले, “सांग खुशाल, पण तुझी स्वतःची चूकही वगळू नकोस.” त्यांच्या आज्ञेप्रमाणे काहीही न वगळता सांगतो.

हे आमच्या मावशींचे यजमान. त्या वेळी वय ७४, मधुमेह वीस वर्षांचा. श्रावणात गावी गेले असता त्यांच्या कानात खाज सुटली. त्यांनी कानकोरणे घातले, मग ठणका लागल्यावर मावशींनी लसूण घालून कढवलेले तेल सोडले. दोन दिवसांनी त्यांनी आम्हांस दूरध्वनी केला. आम्ही त्या वेळी गडबडीत होतो. कान पाहिलेला नसताना, त्यांची साखर किती आहे हे न विचारता, आम्ही सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या पाच दिवस घेण्यास सांगून मोकळे झालो. ठणका कमी झाला, तिसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्या थांबविल्या. पंधरा दिवसांनी दुखणे उलटले. आता आम्हांस विचारण्याचेही कारण उरले नव्हते. औषधाचे नाव घरात सर्वांना पाठ झाले होते. दुकानातून त्याच गोळ्या आणून चार दिवस घेतल्या. असे तीन वेळा झाले. कोजागिरीच्या सुमारास रात्रीच्या रात्री त्यांना झोप येईना, जबडा हलविता येईना, आणि एके दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कडेतून ओघळू लागले. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली होती.

या आजाराला घातक बाह्यकर्णशोथ असे नाव आहे. तो कर्करोग नव्हे. परंतु नळीतला दाह हाडात शिरून कवटीच्या तळापर्यंत पसरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूला ग्रासतो. १९६८ मध्ये चँडलर या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी अशा तेरा रुग्णांचे वर्णन करून हे नाव रूढ केले. तो बहुधा वृद्ध मधुमेही व्यक्तींना होतो. कारण दीर्घकालीन मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या क्षीण झालेल्या असतात आणि कानातील मळाची आम्लताही उणावलेली असते. जंतू बहुतांशी स्यूडोमोनसच. १९८७ च्या सुमारास सिप्रोफ्लॉक्सॅसिन येईपर्यंत या रुग्णांना आठवडेच्या आठवडे रुग्णालयात सुया टोचून घेत पडून राहावे लागे. स्यूडोमोनसवर पोटातून घेता येणारी औषधे एका लहानशा कुळातली. सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्यांतले प्रमुख. या गोळीने अशा वृद्धांना घरी राहून बरे होण्याची सोय करून दिली.

आमच्या काकांच्या वाट्याला ती सोय आली नाही. त्यांच्या कानातील जंतूंची परीक्षा केली, तेव्हा ते सिप्रोफ्लॉक्सॅसिनला न जुमानणारे निघाले. ज्या औषधाने त्यांना वाचवावयाचे, तेच आम्ही खाजेवर खर्चून बसलो होतो. सहा आठवडे शिरेतून औषधे द्यावी लागली. जीव वाचला. चेहरा मात्र पूर्ववत झाला नाही. आजही हसताना त्यांचा एक ओठ मागे राहतो. तो जंतू आमच्या गोळ्यांनीच तसा झाला, की मुळातच तसा होता, हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. परंतु त्या हसण्याकडे पाहताना आम्हांस आमचा तो घाईचा दूरध्वनी आठवतो.

आपले कर्तव्य

केवळ रुग्णांना किंवा केवळ दुकानदारांना बोल लावून हा प्रश्न सुटणार नाही. ‘डॉक्टर, काहीतरी जालीम द्या’ म्हणणारे आपणच, आणि रुग्ण नाराज होईल या भयाने जालीम देणारे आम्हीही. प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याची मनाई आहे. त्यांपैकी कित्येक औषधांच्या विक्रीची नोंद वहीत ठेवावी, असा नियम मार्च २०१४ पासून अंमलात आहे. औषधाच्या पट्टीवरील उभी तांबडी रेघ म्हणजे ‘वैद्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये’ ही खूण, हे सरकारने २०१६ मध्ये मोहीम काढून सांगितले. पण कायदा दुकानाच्या फळीपर्यंत येतो; घरातील औषधांच्या डब्यापर्यंत तो येत नाही. तेथे राज्य चालते ते आपल्या गृहिणींचे, आणि म्हणून आजची आमची विनंती मुख्यतः भगिनींना आहे.

कानात काडी, आकडा, तेल, लसणीचा रस, दूध, यांपैकी काहीही घालू नये व घालू देऊ नये. पंचाच्या टोकाने जेवढे पुसले जाईल तेवढेच पुसावे. पोहून किंवा न्हाऊन आल्यावर मान दोन्ही बाजूंना कलती करून पाणी निथळू द्यावे. एकाचे थेंब दुसऱ्यास देऊ नयेत, आणि कानाचे थेंब डोळ्यांत कदापि घालू नयेत. मागल्या वर्षीची अर्धी बाटली यंदा उपयोगात आणू नये. फोडलेली बाटली साधारण महिन्याभराने टाकून द्यावी. प्रतिजैविक गोळ्या किती दिवस घ्यावयाच्या, हे वैद्यांनी ठरवावे. पुष्कळ आजारांत थोडे दिवसही पुरतात असे आता सिद्ध होत आहे. परंतु ते ठरविण्याचा अधिकार आपला नव्हे. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत, आणि उरल्या म्हणून पुढल्या दुखण्यासाठी डब्यात जपून ठेवू नयेत.

घरात मधुमेही वडीलधारी माणसे असतील तर अधिक सावध राहावे. त्यांचे कान पिचकारीच्या पाण्याने धुववून घेऊ नयेत. त्यांचा कान दुखू लागला तर पहिल्याच दिवशी दाखवावा. दुखणे रात्री वाढत असेल, उपचारानंतरही आठवड्या-दोन आठवड्यांत हटत नसेल, जबडा दुखत असेल किंवा चेहरा किंचितही वाकडा वाटत असेल, तर एक दिवसही दवडू नये. आणि वैद्यांनी ‘गोळी नको, थेंब पुरेत’ असे सांगितले, तर हा वैद्य कमी शिकलेला आहे असे समजू नये.

आपल्या मंडळाचा शिष्यवृत्ती निधी कसा उभा राहिला, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. कोणी पाच रुपये दिले, कोणी लग्नातला आहेर दिला, आणि पै-पैने ती ठेव वाढली. त्या ठेवीतून खऱ्या गरजूला साहाय्य मिळावे म्हणून आपण किती काटेकोरपणे अर्ज तपासतो! औषधांची ठेवही अशीच सर्वांच्या मालकीची आहे. फरक इतकाच, की निधीत आलेला खड्डा पुढल्या वर्षी वर्गणी काढून भरता येतो. जंतूंनी एकदा निष्प्रभ केलेले औषध पुन्हा पूर्ववत होईल, याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि नवी औषधे फार मंदगतीने येत आहेत. पूर्वजांच्या पुण्याईवर मुलांनी किती दिवस जगावे, हे मुलांच्या वागण्यावर अवलंबून असते.

म्हणून आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढेच करावे. औषधांचा डबा उघडावा, तांबड्या रेघेच्या उरलेल्या गोळ्या आणि जुने थेंब बाहेर काढावेत, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा रीतीने त्यांची विल्हेवाट लावावी, आणि कानकोरणे देवघरातल्या जुन्या चांदीत ठेवून द्यावे. तेथे ते शोभून दिसेल.